घाई कुठं, सबुरी कुठं

परंडा तालुक्यातलं सोनारी ओळखलं जातं ते काळभैरवनाथामुळं. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबची माणसं येतात, नवस फेडतात, देवळाच्या आवारातल्या माकडांना खाऊ घालतात आणि परततात. उरलेलं वर्ष गाव आपल्या कामाला लागलेलं असतं: ऊस, ज्वारी, साखर कारखान्याचा हंगाम. अशा गावात रात्री अकराला पन्नाशीच्या माणसाच्या छातीत कळ आली तर घरात काय होतं, ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. कुणी ओवा देतं, कुणी सोडा. ‘पित्त झालंय, जेवण जड झालं असेल, पडून राहा, सकाळी बघू.’ त्याच गावात दुसऱ्या कुणाला सहा-आठ महिने चढ चढताना छातीत भरून येत असतं, थांबलं की बरं वाटत असतं. त्याची शहरात अँजिओग्राफी होते, ‘ऐंशी टक्के ब्लॉक’ असं ऐकायला मिळतं आणि घरचे रातोरात दागिने मोडायला निघतात. आजच्या आज स्टेंट टाका म्हणतात.

पहिल्या घरात सबुरी, दुसऱ्या घरात घाई. हृदयाच्या धमन्यांच्या आजारावर गेल्या पंचेचाळीस वर्षांत जे मोठं संशोधन झालं, त्याचं सांगणं याच्या बरोबर उलट आहे. ते का, हे समजून घेतलं तर सोनारीसारख्या गावातले जीवही वाचतील आणि पैसाही. चोवीस तास चालणारी कॅथलॅब (धमनीत नळी घालून अडथळा उघडण्याची सोय) हमखास मिळेल असं सोलापूर इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. सोनारीतल्या माणसाला ही समज शहरातल्या माणसापेक्षा जास्त लागते, कारण त्याच्या हातातला वेळ रस्त्यावरच खर्च होतो.

मूळ गैरसमज ब्लॉक या गोष्टीबद्दलच आहे. ठिबकच्या नळीत क्षार बसत जावा आणि एक दिवस पाणी बंद व्हावं, तसंच हृदयाच्या धमनीचं होतं अशी आपली समजूत असते. संथपणे वाढणाऱ्या अडथळ्याला ती काही अंशी लागूही पडते. हार्ट अटॅकचं गणित मात्र वेगळं आहे. धमनीच्या भिंतीच्या आत, अस्तराखाली, चरबीचा आणि सुजेचा एक थर साठत जातो. तो कधी कधी मार्गाचा निम्मा भागही अडवत नाही, त्यामुळं माणसाला काही जाणवत नाही. एखाद्या दिवशी त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं. रक्ताला ती जखम वाटते आणि जखमेवर जे करायचं तेच ते करतं: गोठतं. काही मिनिटांत गुठळी धमनी बुजवून टाकते आणि पलीकडचा स्नायू मरायला लागतो. म्हणूनच कालपर्यंत शेतात राबणारा, कसलाच त्रास नसलेला माणूस आज कोसळतो.

हे आज पाठ्यपुस्तकात आहे, पण 1980 पर्यंत यावर डॉक्टरांमध्येच वाद होता. गुठळीमुळं अटॅक येतो, की अटॅकमध्ये स्नायू मेल्यावर गुठळी होते? अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धाडस करून अटॅक चालू असतानाच रुग्णांची अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी 87 टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद सापडली. उशिरा आलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी होतं, कारण शरीर स्वतःच हळूहळू गुठळी विरघळवत असतं. फक्त तोवर स्नायू उरत नाही.

मग गुठळी आपणच लवकर विरघळवली तर? 1988 साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-2 या चाचणीनं त्याचं उत्तर दिलं. 16 देशांतले 17,187 रुग्ण, आणि दोन जुनी, स्वस्त औषधं. एक स्ट्रेप्टोकायनेज, जिवाणूंपासून मिळणारं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. दुसरं ॲस्पिरिन, महिनाभर रोज अर्धी गोळी. ज्यांना यांपैकी काहीच मिळालं नाही, त्यांच्यातले 13.2 टक्के पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं दगावले. दोन्ही औषधं मिळालेल्यांमध्ये हा आकडा 8 टक्क्यांवर आला. शंभरामागं पाच माणसं. वैद्यकात एवढा फरक क्वचित पाहायला मिळतो, आणि तोही अशा औषधांनी, जी तालुक्याच्या दवाखान्यात ठेवता येतात.

याच चाचणीतली एक गोष्ट आपल्याकडं मुद्दाम सांगावी अशी आहे. संशोधकांना आग्रह झाला की वेगवेगळ्या गटांना किती फायदा झाला ते वेगवेगळं दाखवा. त्यांनी इतर गटांबरोबर रुग्णांची जन्मराशीनुसारही विभागणी करून दाखवली. त्यात मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही, उलट किंचित अपायच होतो असं दिसलं. बाकी सगळ्या राशींना भरघोस फायदा! राशीचा आणि गोळीचा काही संबंध नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या आकड्याचे लहान लहान तुकडे केले की योगायोगच निष्कर्षासारखा दिसायला लागतो, हे त्यांना छापून दाखवायचं होतं. ‘आमच्या भावकीतल्या तिघांना या काढ्यानं गुण आला’ असं कुणी सांगितलं की मला ही मिथुन आणि तूळ आठवते.

औषध सापडलं, पण ते वेळेत पोचतं का? भारतापुरतं याचं उत्तर 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या क्रिएट या नोंदवहीतून मिळालं. देशातल्या 50 शहरांतली 89 रुग्णालयं आणि 20,468 रुग्ण. छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत गेलेला मध्यम वेळ होता 360 मिनिटं, म्हणजे सहा तास. निम्म्या लोकांना त्याहूनही जास्त वेळ लागला. रुग्णालयात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र साधारण 50 मिनिटं लागत होती. म्हणजे उशीर मुख्यतः दवाखान्याच्या दारापर्यंत पोचण्यात होत होता. याच नोंदींतला दुसरा आकडा वाचून मन खट्टू होतं. तीस दिवसांतले मृत्यू गरिबांमध्ये 8.2 टक्के आणि श्रीमंतांमध्ये 5.5 टक्के. कुणाला कोणते उपचार मिळाले याचा हिशेब धरल्यावर ही दरी जवळजवळ नाहीशी झाली. गरिबाचं हृदय जास्त कमकुवत नव्हतं. त्याला उपचार कमी मिळाले, एवढंच.

सहा तासांतला मोठा वाटा ‘पित्त असेल’ या समजुतीचा असतो. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर अटॅकची कळ अनेकदा छातीत नीट जाणवतही नाही. घाम फुटतो, मळमळतं, ढेकर येतात, जबडा किंवा डावा हात भरून येतो, दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. घरातली बाई ‘काही नाही, दमलेय’ म्हणून पडून राहते आणि तिला सगळ्यात शेवटी गाडीत बसवलं जातं. आणखी एक सवय गावोगाव आहे: जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची आणि वाट बघायची. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, गुठळी विरघळवत नाही. दुखणं जरा कमी झालं की माणसाला वाटतं संकट टळलं. शिवाय रक्तदाब आधीच खाली असेल तर ती आणखी खाली नेते. डॉक्टरांनी ती कुणाला लिहून दिली असेल तर त्यांच्या सांगण्याप्रमाणं घ्यावी, पण गोळी घेऊन घरी बसून राहू नये. 2014 पासून राज्यात 108 ची रुग्णवाहिका आहे. पहिला फोन तिकडं गेला पाहिजे.

आणि पहिली तपासणी कार्डिओग्रामची, म्हणजेच ईसीजीची. ही पट्टी एकदा नीट बघून घ्यावी. गुलाबी-लाल चौकटींचा कागद असतो. तो सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगानं सरकतो, त्यामुळं एक बारीक चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. हातापायांना आणि छातीवर मिळून दहा जागी तारा लावलेल्या असतात आणि त्यातून हृदयाकडं बारा बाजूंनी बघितलं जातं. प्रत्येक ठोक्याला एक उंच टोकदार रेघ येते, मग रेघ खाली मूळ पातळीवर उतरते, थोडी सपाट चालते आणि एक बुटका उंचवटा घेऊन संपते. टोकदार रेघेनंतरचा तो सपाट तुकडा महत्त्वाचा. धमनी पूर्ण बंद झाली की तो मूळ पातळीवर उतरतच नाही, वर उचललेलाच राहतो, आणि पुढचा उंचवटा त्यातच मिसळून जातो. हे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं उचलणं दिसलं की थांबायचं नाही. पट्टी साधी आली म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. अटॅकच्या सुरुवातीला ती अगदी स्वच्छ असू शकते. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायची आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासायचं. ‘ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी आणलं’ हे वाक्य मी फार घरांतून ऐकलं आहे.

शहरात अशा रुग्णाला थेट कॅथलॅबमध्ये नेऊन धमनी फुग्यानं उघडतात, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात. वेळेत जमलं तर हाच सर्वांत चांगला उपचार आहे. पण उपचाराचे जगभरचे संकेत एक स्पष्ट अट घालतात: निदान झाल्यापासून 120 मिनिटांत धमनी उघडता येणार नसेल आणि औषधाला मज्जाव करणारं काही नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जागेवरच द्या आणि मग रुग्ण पुढं पाठवा. 2013 ची स्ट्रीम ही चाचणी या प्रश्नावर फार उपयोगाची ठरली. पहिल्या तीन तासांत आलेल्या, पण तासाभरात कॅथलॅबपर्यंत पोचू न शकणाऱ्या 1,892 रुग्णांत दोन मार्गांची तुलना केली. आधी टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन आणि मग अँजिओग्राफी केलेल्यांचे परिणाम थेट अँजिओप्लास्टी केलेल्यांच्या तोडीस तोड आले. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका इंजेक्शनच्या गटात थोडा जास्त होता, म्हणून पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांसाठी मात्रा अर्धी केली गेली. अशा उणिवा लपवल्या न जाता नोंदल्या जातात, त्यावर उपाय शोधला जातो, हे मला या संशोधनाचं मोठं बळ वाटतं.

तामिळनाडूत डॉ. थॉमस अलेक्झांडर, डॉ. अजित मुल्लासरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गावपातळीवर उतरवून दाखवलं. छोट्या दवाखान्यांत ईसीजी काढायचा, तो मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला पाठवायचा, इंजेक्शन तिथंच द्यायचं, रुग्णवाहिकेनं पुढं न्यायचं आणि खर्च सरकारी विमा योजनेतून भागवायचा. 2,420 रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. होती ती फक्त साखळी. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानंही अलीकडं याच धर्तीवर काम सुरू केलं आहे. सोनारीच्या माणसाचा जीव सोलापूरच्या कॅथलॅबइतकाच परंड्याच्या सरकारी रुग्णालयातल्या ईसीजी यंत्रावर, तिथं शिल्लक असलेल्या इंजेक्शनवर आणि ते द्यायची हिंमत असलेल्या डॉक्टरवर अवलंबून आहे. ग्रामसभेत रस्त्याइतक्याच आग्रहानं विचारावा असा हा प्रश्न आहे.

आता दुसरं घर. चढ चढताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं, आणि कित्येक महिने असंच चाललं आहे. इथं धमनी अरुंद आहे, पण वाहती आहे. रक्त कमी पडतं ते फक्त कष्टाच्या वेळी. मग ती रुंद केली की झालं, असं कुणालाही वाटेल. दीर्घकाळ डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. या समजुतीची पारख कशी झाली, ते सांगायला मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात जावं लागेल.

1960 च्या दशकात तिथं डॉ. प्रफुल्लकुमार सेन शल्यविभागात काम करत होते. भारतातलं पहिलं हृदयरोपण करणारे ते हेच, फेब्रुवारी 1968 मध्ये, म्हणजे जगातल्या पहिल्या रोपणानंतर तीन महिन्यांच्या आत. त्याआधीची त्यांची एक कल्पना मला त्या शस्त्रक्रियेहूनही विलक्षण वाटते. ती सापाच्या हृदयावरून आली होती. आपल्या हृदयाचा स्नायू घट्ट असतो आणि त्याला रक्त मिळतं ते बाहेरून येणाऱ्या करोनरी धमन्यांतून. हृदयाच्या पोकळीतून लिटरच्या लिटर रक्त वाहत असतं, पण भिंतीला ते थेट मिळत नाही. सापाचं तसं नाही. त्याच्या हृदयाची भिंत सच्छिद्र असते, आत बारीक बारीक वाटा असतात, आणि पोकळीतलं रक्त त्या वाटांनी सरळ स्नायूत शिरतं. सेन यांना वाटलं, माणसाच्या हृदयालाही अशा वाटा करून दिल्या तर? धमनी बंद पडली तरी स्नायू आतून पोसला जाईल.

डॉ. तेहमटन उडवाडिया, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनरे आणि डॉ. जी. बी. परुळकर हे त्यांचे सहकारी. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत सुईनं आरपार छिद्रं पाडली आणि मग करोनरी धमनी बांधून टाकली. अशी छिद्रं असलेली हृदयं अधिक तग धरतात, असं त्यांना दिसलं. 1965 साली छाती आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांना वाहिलेल्या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला आणि ही पद्धत ‘हृदयस्नायूचं ॲक्युपंक्चर’ या नावानं ओळखली गेली. उडवाडिया पुढं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे भारतातले प्रणेते झाले, तर परुळकर केईएमचे अधिष्ठाता. त्या काळातल्या मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांत, माणसं सापाच्या हृदयाकडं बघून माणसाच्या हृदयाचा विचार करत होती. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कल्पना टिकली नाही. सुईनं पाडलेली छिद्रं काही दिवसांत गुठळ्यांनी आणि व्रणांनी बुजून जात. शिवाय ठोक्याच्या वेळी भिंतीतला दाब पोकळीतल्या दाबाइतका किंवा त्याहून अधिक असतो, मग रक्त आत शिरणार कसं, असा आक्षेप होता. बायपास आली, मग 1977 मध्ये ग्रुंट्झिग यांची फुग्याची अँजिओप्लास्टी आली. पण ती छिद्रं पुन्हा परतली. 1980 च्या दशकात सुईऐवजी लेझरनं वाटा पाडायला सुरुवात झाली. ज्यांच्यावर बायपासही शक्य नव्हती असे रुग्ण सांगू लागले की आता दुखणं खूप कमी झालं. 1998 मध्ये अमेरिकेत या यंत्राला मान्यताही मिळाली.

दुखणं खरंच कमी झालं होतं, पण ते लेझरमुळं का? हे तपासण्यासाठी 298 रुग्णांवर नळीतून लेझर देण्याची डायरेक्ट नावाची चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडून काहींना लेझर दिलं, काहींना फक्त दिल्यासारखं केलं. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि नंतर तपासणाऱ्यालाही. 2005 साली निकाल छापला गेला. दोन्हीकडं दुखणं सारखंच कमी झालं होतं.

असं आधीही घडलं होतं. 1950 च्या दशकात छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी बांधली की हृदयाला जास्त रक्त मिळतं, अशी समजूत होती आणि ती शस्त्रक्रिया जोरात चालली होती. 1959 मध्ये कॉब या डॉक्टरांनी 17 रुग्णांवर चाचणी केली. छेद सगळ्यांनाच दिला, पण धमनी खरोखर बांधायची की नाही हे टेबलावर पाकीट उघडून ठरवलं. बांधलेले आणि न बांधलेले, दोन्ही सारखेच बरे झाले. ती शस्त्रक्रिया मग बंद पडली.

त्या रुग्णांनी खोटं सांगितलं नव्हतं. छातीतलं दुखणं भीतीनं वाढतं आणि दिलाशानं कमी होतं. मोठा डॉक्टर, मोठं यंत्र, मोठा खर्च यांनी दिलासा मोठा होतो. दुखणं काही काळानं आपोआपही थोडं ओसरतं. म्हणूनच ‘केलं आणि बरं वाटलं’ एवढ्यावर उपचाराचा कस लागत नाही. शेजारी तसाच दुसरा गट लागतो.

हाच कस अखेर स्टेंटला, म्हणजे धमनी उघडी धरणाऱ्या जाळीच्या नळीलाही लावला गेला. आधी दोन मोठ्या चाचण्या झाल्या. 2007 ची करेज, 2,287 रुग्ण. 2020 मध्ये छापली गेलेली इस्केमिया, 37 देशांतले 5,179 रुग्ण, त्यात भारतातलेही. दोन्हींत स्थिर आजार असलेल्यांना फक्त नीट औषधं देणं आणि औषधांबरोबर स्टेंट किंवा बायपास करणं यांची तुलना झाली. मृत्यू आणि अटॅक यांत दोन गटांत ठोस फरक पडला नाही. कारण आता वाचकाच्या लक्षात आलंच असेल. अटॅक येतो तो फाटणाऱ्या थरामुळं, आणि तो थर बहुधा स्टेंट टाकलेल्या जागी नसून दुसरीकडंच कुठंतरी असतो. गोळ्या मात्र सगळ्या धमन्यांवर काम करतात. स्टॅटिन थराची चरबी आणि सूज कमी करतं, ॲस्पिरिन गुठळीला अडवतं.

मग दुखण्याचं काय? लंडनच्या डॉ. राशा अल-लामी यांनी ऑर्बिटा चाचणीत 200 रुग्णांना गुंगी दिली, कानांवर संगीताचे हेडफोन लावले, सर्वांच्या धमनीत नळी नेली आणि निम्म्यांनाच स्टेंट टाकला. सगळ्यांची औषधं आधी सहा आठवडे व्यवस्थित जुळवलेली होती. 2017 मध्ये निकाल आला. चालपट्टीवर चालण्याच्या वेळेत दोन गटांत फक्त 16.6 सेकंदांचा फरक होता, आणि तोही योगायोगानं पडू शकेल इतकाच. जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांत खळबळ उडाली. संशोधक तिथं थांबले नाहीत. ऑर्बिटा-2 मध्ये त्यांनी 301 रुग्णांची छातीदुखीची औषधं बंद ठेवून तीच तुलना केली. 2023 च्या त्या निकालात स्टेंट टाकलेल्यांचं दुखणं खरोखर कमी झालेलं दिसलं. सुमारे 40 टक्के लोक पूर्ण दुखणंमुक्त झाले, नुसता दिखावा केलेल्यांत सुमारे 15 टक्के. म्हणजे स्टेंट दुखण्यावर गुणकारी आहे, पण सगळ्यांनाच नाही. आणि स्थिर आजारात तो आयुष्य वाढवतो असा पुरावा नाही.

सापाच्या हृदयापासून इथवर येईपर्यंत पन्नासहून अधिक वर्षं गेली. सोनारीतल्या दुसऱ्या घराला त्यातून हे मिळतं: कित्येक महिने एकसारखी, कष्टातच येणारी, थांबल्यावर जाणारी छातीदुखी असेल, तर विचार करायला वेळ आहे. आधी औषधं पुऱ्या मात्रेत सुरू करावीत, चार-सहा आठवडे बघावं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, तीन धमन्यांत अडथळे आणि मधुमेह असं दोन्ही असेल, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद उतरली असेल, तर शस्त्रक्रियेचा खरा फायदा होतो. इस्केमियानं मुख्य धमनीचे रुग्ण मुळातच वगळले होते. दुखणं अलीकडं वाढलं असेल, थोड्या चालण्यानं किंवा बसल्या जागीही येत असेल, तर तो स्थिर आजार राहिलेला नाही. मग पहिल्या घरासारखीच धावपळ हवी. 2017 मध्ये केंद्रानं औषधवाल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी होते. पण खर्च कमी झाला म्हणून गरज वाढत नाही.

‘बायपास टाळा, ब्लॉक विरघळवा’ अशा जाहिराती आपल्याकडं बसस्थानकांच्या भिंतींवर दिसतात. त्यातल्या सलाइनवाटे देण्याच्या चीलेशन उपचाराचीही रीतसर चाचणी झाली. 2013 च्या चाचणीत थोडा फायदा दिसला, तोही विशेषतः मधुमेहींत. म्हणून मधुमेहींवरच ती पुन्हा केली गेली आणि 2024 च्या निकालात फायदा उरला नाही.

मुळात आपल्याकडं हा आजार इतक्या लवकर का येतो? यावर नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2007 चा अभ्यास आहे, इंटरहार्ट या 52 देशांच्या मोठ्या अभ्यासातूनच निघालेला. दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं मध्यम वय 53 होतं, इतर देशांत 58.8. सहा वर्षांच्या या फरकाला आपण सहसा ‘आपल्या रक्तातच आहे’ असं म्हणतो. हा अभ्यास तसं म्हणत नाही. तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, व्यायामाचा आणि फळं-भाज्यांचा अभाव, मनावरचा ताण अशी जी कारणं जगभर सापडली, तीच इथंही होती. फक्त ती तरुण वयातच येऊन ठेपली होती. त्याच अभ्यासाच्या आधारे 2006 मध्ये तंबाखूचा हिशेबही मांडला गेला. बिडी ओढणाऱ्यांना अटॅकची शक्यता तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या 2.89 पट, आणि फक्त तंबाखू चघळणाऱ्यांना 2.23 पट. ‘मी ओढत नाही, नुसता चुना लावून दाढेत धरतो’ म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. तंबाखूमुळं तोंडाचा कॅन्सर होतो हे सोनारीच्या आसपास प्रत्येकाला माहीत आहे. तीच पुडी हृदयावरही काम करते, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

हे सगळे आकडे ज्या माणसांमुळं मिळाले, त्यांच्याविषयी थोडं. चाचणीत भाग घ्या म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, ‘आमच्यावर प्रयोग करणार का?’ भीती रास्त आहे, कारण गरिबांना अंधारात ठेवून प्रयोग झाल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. म्हणूनच त्यावर नियम आले. भारतात 2007 पासून वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची तिथं आधी नोंद करणं बंधनकारक आहे. ती कुणालाही मोबाइलवर पाहता येते. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणं, ते घरी नेऊन मुलाला-पुतण्याला दाखवणं, मध्येच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडणं आणि तरीही नेहमीचे उपचार चालू राहणं, हे सगळे रुग्णाचे हक्क आहेत. कुणी चाचणीबद्दल विचारलं तर तिचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि तुलना कशाशी होणार आहे ते विचारावं.